रिपोर्टमधला आकडा आणि अंगातली ताकद

‘पुरुषांनो सावधान! चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन घसरतं, म्हणून ताकद जाते. रक्त तपासा, शरीराचं खरं वय कळेल. साठीनंतर वजन उचलू नका, स्नायू आता वाढत नाहीत. हार्मोन आणि पावडर घ्या.’ हे फॉरवर्ड आमच्या नानांपर्यंत पोचलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी गच्चीवरच्या झाडांना बादलीनं पाणी घालणारा माणूस बादलीला हात लावेनासा झाला. वर तपासणीच्या पॅकेजची चौकशी!

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घसरतं, हे खरं. चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का. ते फारच कमी असेल तर डॉक्टर देतातही, आणि अंगावर थोडं मांस चढतं. पण मांस चढलं म्हणजे जिना चढता येईलच असं नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर प्रयोग झाला. २०१६च्या निकालात, मुळात चालायला त्रास असलेल्यांच्या गटात टेस्टोस्टेरॉनचं खरं जेल अंगाला लावणारे आणि औषध नसलेलं खोटं जेल लावणारे यांच्या चालण्यात ठळक फरक दिसला नाही.

डोकं फिरतं ते ‘वजन उचलू नका’ वाचून. अहो, १९९० साली बोस्टनच्या वृद्धाश्रमात संशोधक मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पुरं केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. मग चार आठवडे व्यायाम थांबवला, तर ताकद ३२ टक्के उतरली. दहाच माणसं होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, मान्य. म्हणून १९९४ साली त्यांनीच शंभर जणांवर, तुलनेचे गट ठेवून प्रयोग केला. व्यायामानं ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पोषक पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा होता तिथंच राहिला. पावडरवाल्यांनी हे नीट वाचावं.

रक्तातून ‘खरं वय’? स्नायूंची झीज ओळखायचे आशियाई तज्ज्ञांचे २०१९चे निकष बघा. त्यात हार्मोनची पातळी नाहीच. हाताची पकड मोजतात, पुरुषांत २८ किलोच्या खाली गेली तर काळजी. शिवाय खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात ते बघतात. याला पॅकेज लागत नाही.

डीएचईए या दुसऱ्या हार्मोनच्या गोळ्यांचं तर २००६ सालीच आटोपलं: दोन वर्षं देऊनही ज्येष्ठांची ताकद वाढली नाही.

आणि फॉरवर्डच्या तळाशी काय आहे? डॉक्टरचं नाव नाही. ऑर्डरसाठी मोबाइल नंबर आहे.