‘जर्मनीत जमलं नाही म्हणून लेबनॉन’: हा दावा टिकत नाही

भारतीय फुटबॉल संघात परदेशस्थ खेळाडू घ्यावेत का, असा वाद सुरू झाला की एक दावा हमखास फिरतो : “लेबनॉनने काय केलं ते बघा. युरोपात ज्यांचं जमलं नाही, अशी खालच्या लीगमधली पोरं गोळा केली. त्यांचंही करिअर वाया, देशालाही उपयोग शून्य.” मी उत्तर देतो ते लेबनॉनकडून खेळलेल्या हिलाल एल-हेल्वेचं नाव घेऊन. जन्म १९९४, जर्मनीतलं हानोफर. फॉरवर्ड. वोल्फ्सबुर्गचा दुसरा संघ, मग हाले, मग ग्रीसमधला अपोलोन स्मिर्निस, मग परत जर्मनीत, तिसऱ्या लीगमधला मेपेन.

“तिसरी लीग म्हणजे हौशी फुटबॉल.” साफ चूक. जर्मनीची तिसरी लीग २००८ पासून देशभराची मिळून एकच, पूर्ण व्यावसायिक लीग आहे : २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, तळाचे चार खाली. एल-हेल्वे मेपेनकडे आला त्या २०१९-२० च्या मोसमात याच लीगमध्ये कैसरस्लाउटर्न होतं, चार वेळा जर्मनीचं विजेतेपद मिळवलेलं. १८६० म्युनिकही होतं. लीग जिंकली बायर्नच्या दुसऱ्या संघाने. या पोरांना दर शनिवारी कोणाशी झुंजावं लागतं, हे एकदा बघून मग बोलावं. (मॅराडोना बार्सिलोनाच्या जर्सीत पहिल्यांदा मैदानात उतरला तो १९८२ मध्ये, याच मेपेनमध्ये.)

“लेबनॉनचा पासपोर्ट काय, कुणालाही मिळतो.” मिळत नाही. लेबनॉनचा नागरिकत्वाचा कायदा १९२५ चा आहे आणि तो वडिलांकडूनच नागरिकत्व देतो. नुसती आई लेबनीज असली तर मुलाच्या हाती काही लागत नाही. १९७५ ते १९९० च्या यादवीत असंख्य कुटुंबं देशाबाहेर गेली, त्यांची मुलं बर्लिनला, हानोफरला, स्वीडनमध्ये वाढली. ती ‘गोळा केलेली’ नाहीत.

आता “देशाला उपयोग शून्य”. हा मुद्दा मला खरोखर लागतो, कारण तो सामना मी विसरू शकत नाही. १७ जानेवारी २०१९, शारजा, आशियाई चषक. लेबनॉन कतारशी ०-२ आणि सौदीशीही ०-२ हरलेलं. समोर उत्तर कोरिया, आणि नवव्या मिनिटाला गोल खाल्लेला. फेलिक्स मेल्कीने बरोबरी केली. तो स्वीडनच्या एस्किल्स्टुना क्लबचा. ६५ व्या मिनिटाला एल-हेल्वे. ८० व्या मिनिटाला कर्णधार हसन मातूकची पेनल्टी. आणि इंज्युरी टाइमच्याही आठव्या मिनिटाला पुन्हा एल-हेल्वे. ४-१. आशियाई चषकातला लेबनॉनचा हा पहिलावहिला विजय, आणि चारातले तीन गोल याच ‘वाया गेलेल्या’ पोरांचे.

त्या शेवटच्या गोलाने, बाद फेरीच्या शेवटच्या जागेसाठी शर्यतीत असलेल्या दुसऱ्या गटातल्या व्हिएतनामशी सगळं बरोबरीत आलं : गुण तीन, केलेले गोल चार, खाल्लेले पाच. मग मोजली पिवळी कार्डं. व्हिएतनामची पाच, लेबनॉनची सात. दोन कार्डांनी बाद फेरी हुकली. पाचवा गोल झाला असता तर कार्डं मोजायची वेळच आली नसती. तिथवर संघाला ज्याने नेलं, त्याला निरुपयोगी म्हणायचं?

“मग बैरुतमध्ये का खेळत नाहीत?” आर्थिक संकटात लेबनॉनची २०१९-२० ची लीगच रद्द झाली. चलन कोसळत असताना घरच्या क्लबच्या पगारावर कोणी आणि कसं जगायचं?

एवढं मात्र मान्य करतो की एल-हेल्वे बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगच्या, पहिल्या संघापर्यंत पोहोचला नाही. पण खालची लीग म्हणजे शेवटचं स्टेशन, हेही खोटं. बर्लिनमध्ये जन्मलेला लेबनॉनचा बचावपटू जोआन ओमारी एरफुर्टकडून याच तिसऱ्या लीगमध्ये खेळला. तिथून फ्रँकफुर्टच्या एफएसव्ही क्लबकडून दुसरी बुंडेसलीगा, तुर्कस्तान, दुबई आणि जपान. २०२० च्या मोसमात तो एफसी टोकियोकडे होता, आणि त्या मोसमाचा जपानचा लीग कप टोकियोनेच उचलला.