'शव्हल नाइट'चा तो व्हायरल रिव्ह्यू आणि माझी थोडी चिडचिड

'शव्हल नाइट' म्हणजे फावडं घेऊन लढणाऱ्या शूरवीराचा, जुन्या गेमच्या धाटणीत केलेला व्हिडिओ गेम. त्याच्यावरचा तो रिव्ह्यू मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय, सोबत "बघ, तुझ्या लाडक्या गेमची कशी काढलीय". काढलीय खरी. ज्यांनी बघितला नाही त्यांना थोडक्यात सांगतो, रिव्ह्यूअरचं म्हणणं असं की पिक्सेल ग्राफिक्स म्हणजे आळस, बरं हे खरं ८-बिट (म्हणजे १९८० च्या दशकातल्या कन्सोलसारखं) पण नाही म्हणजे फसवणूक, आयडिया सगळ्या ढापलेल्या, चेकपॉइंट (मेल्यावर जिथून परत सुरू करता येतं त्या जागा) देऊन देऊन गेम लेचापेचा केलाय, आणि एकूण काय तर लहानपणीच्या आठवणी विकायचा धंदा.

पहिले दोन मुद्दे एकदमच घेतो कारण ते एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. एकीकडे म्हणायचं की जुनंच परत केलंय, कष्ट कुठायत, आणि दोन मिनिटांनी म्हणायचं की जुन्यासारखं हुबेहूब नाही म्हणून खोटं. अरे मग नक्की हवंय काय? खऱ्या एनईएसवर, म्हणजे निन्टेन्डोच्या त्या जुन्या ८-बिट कन्सोलवर, एका आडव्या ओळीत ८ च स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) दिसायचे, नववा आला की कुणीतरी गायब, म्हणून स्क्रीनवर गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. 'शव्हल नाइट'मध्ये ते लुकलुकणं मुद्दाम ठेवलेलं नाही. स्क्रीन पण २५६ पिक्सेलऐवजी ४०० पिक्सेल रुंद घेतली, आजच्या टीव्हीला बसेल अशी. मागचे डोंगर वेगवेगळ्या स्पीडने सरकतात, आणि जुन्या कन्सोलच्या रंगांत चारदोन रंग पदरचे घातलेत. आता ही "फसवणूक" पकडली कुणी? कुणीच नाही, कारण डेव्हलपरपैकीच डेव्हिड डी'अँजेलो यांनी २०१४ मध्ये लांबलचक लेख लिहून कुठले नियम पाळले, कुठले मोडले आणि का, हे स्वतःच सांगून टाकलं होतं. चोर असा स्वतःहून पंचनामा लिहून देत नाही. आणि खरं सांगा, जुने गेम आठवताना ते लुकलुकणारे शत्रू कुणाला आठवतात?

म्युझिकबद्दल तो म्हणतो की असा आवाज त्या मशीनमधून निघूच शकत नाही. अर्धं बरोबर आहे. गेमच्या साध्या कार्ट्रिजमधून नाही निघणार, पण कोनामी या गेम कंपनीने व्हीआरसी६ नावाची चिप बनवली होती, १९८९ च्या तिसऱ्या 'कॅसलव्हेनिया' गेमच्या जपानी आवृत्तीत ती होती, तिच्यामुळे आवाजाचे ३ चॅनेल जास्तीचे मिळायचे. 'शव्हल नाइट'चा संगीतकार जेक कॉफमनने त्याच चिपच्या मर्यादेत बसून हे म्युझिक केलंय. दोन ट्यून तर मानामी मात्सुमाए यांच्या आहेत, १९८७ च्या पहिल्या 'मेगा मॅन' गेमचं संगीत त्यांचंच. एवढी मेहनत करून वर आळशी म्हणवून घ्यायचं.

ढापाढापीचा मुद्दा. हो, फावड्याचं टोक खाली करून उड्या मारत जाणं १९८९ च्या 'डकटेल्स' गेममधल्या स्क्रूजच्या काठीवरून आलंय, आठ बॉस (लेव्हलच्या शेवटचे मोठे शत्रू) 'मेगा मॅन'वरून, नकाशा तिसऱ्या 'मारिओ'वरून, हे बनवणाऱ्यांनी कधी लपवलंच नाही. पुढे चला.

चेकपॉइंटवर मात्र मला जरा थांबायचंय, कारण इथं त्याने गेम खेळलाय पण बघितलाच नाही असं मला वाटतं. लेव्हलमध्ये ठराविक अंतरावर काचेचा गोळा असतो, जवळ गेलं की पेटतो, मेलात की तिथून परत सुरू. हा झाला सरळ मार्ग. पण तो गोळा फावड्याने फोडता येतो! फोडला की आतून खजिना, मात्र तो चेकपॉइंट कायमचा गेला. आता विचार करा, वर जीव दाखवणाऱ्या ठिपक्यांपैकी दोनच उरलेत, पुढे काय आहे माहीत नाही, आणि समोर हा काचेचा गोळा चमकतोय. मी बहुतेक वेळा फोडतो आणि बहुतेक वेळा पस्तावतो. मेलात की तुमच्या सोन्याचा काही भाग पिशव्यांत जातो, त्या पंख फडफडवत तुम्ही मेलात तिथेच तरंगत राहतात, आणि मेलेलो असतो अर्थात खड्ड्यात, म्हणजे एखादी पिशवी बरोब्बर खड्ड्याच्या वर. ती घ्यायला उडी मारायची, परत पडायचं, आणि आता आधीच्या पिशव्या गायब. एकदा एका पिशवीपायी मी सगळीच कमाई घालवून बसलो होतो आणि शिव्या फक्त स्वतःलाच घालता आल्या. म्हणजे कठीणपणा किती ठेवायचा हे दर चेकपॉइंटला तुम्हीच ठरवता. रिव्ह्यूच्या फुटेजमध्ये पठ्ठ्या एकेक गोळा शांतपणे पेटवत जातो, एकही फोडत नाही, आणि मग म्हणतो गेम सोपा आहे. तीन लाइव्ह्ज देऊन मग पहिल्यापासून खेळायला लावणं ही आर्केडमधून आलेली सवय, तिथं पुढचं नाणं टाकून घ्यायचं असायचं. घरी बसून त्याचं काय करायचंय?

एक गोष्ट त्याची मान्य. शेवटाकडे विकत घेण्यासारखं सगळं घेऊन झालेलं असतं, सोन्याला काही किंमतच उरत नाही, मग पिशव्या गेल्या तरी काही वाटत नाही आणि ही सगळी गंमत तिथं ढिली पडते. हे त्याने नीट मांडलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

राहिला धंदा. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर, ७५ हजार डॉलर मागितले होते, ३ लाखांच्या वर जमले, तेही गेम बाहेर यायच्या काही महिने आधी संपले आणि टीमने पगाराशिवाय काम रेटलं. मग बॅकर्सना (पैसे देणाऱ्यांना) कबूल केलेले, तीन बॉसना नायक करणारे वेगळे खेळ देत बसले २०१९ पर्यंत, आणि गेम आधी घेतलेल्यांना ते फुकट मिळाले. असला धंदा करायला धाडस लागतं.

आणि आठवणीच विकायच्या असत्या तर ते स्वप्न गेममध्ये घालायची काय गरज होती? काही बॉस हरवल्यावर शव्हल नाइट शेकोटीशेजारी झोपतो. स्वप्नात त्याची साथीदार शील्ड नाइट वरून खाली पडत असते, एकदम हळू, आणि मधे शत्रू येत राहतात, त्यांना मारता मारता तिला झेलायचं. झेललं की जाग येते, शेकोटी तीच आणि शेजारी कुणी नाही. काही समजावून सांगणं नाही. पहिल्यांदा ती माझ्या हातून निसटली होती तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून थोडा वेळ नुसताच बसलो होतो. जुन्या कुठल्या गेमची आठवण वगैरे काही आली नाही मला तेव्हा. रिव्ह्यूमध्ये हा सीन दोन सेकंद दिसतो आणि त्यावर तो पिक्सेलच्या आळसाबद्दल बोलतोय.