‘कव्हरेज शंभर, बग शून्य’ म्हणे!

काल रात्री भाचीचा मेसेज आला. चिप व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे चिप बनण्याआधी तिचं डिझाइन तपासण्याच्या, कामाला लागून तिला जेमतेम दोन महिने झालेत. एक फॉरवर्ड आणि खाली एकच ओळ: “मावशी, हे खरं असेल तर आम्ही दिवसभर करतो तरी काय?” तोच फॉरवर्ड याआधी तिघांनी मला पाठवला होता. तेव्हा कानाडोळा केला. आता तो घरात शिरलाय, म्हणून लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये डिझाइनचा किती भाग चालून गेला त्याचा हिशेब, १०० टक्के झालं की डिझाइनमध्ये बग उरत नाही. दहा लाख रँडम टेस्ट पास झाल्या की पुढचा सगळा वेळकाढूपणा. एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) चालतंय तर सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर डिझाइन चालवून बघणं) कशाला? फॉर्मल (डिझाइन गणिताने सिद्ध करणं) आलं की टेस्टबेंच (डिझाइनला इनपुट देऊन तपासणारा कोड) मोडीत काढा. डिबगिंग म्हणजे वेव्हफॉर्म (सिग्नलचे आलेख) बघून कोड बदलणं, त्याला वेगळी अक्कल लागत नाही. आणि एवढं करून काही राहिलंच, तर फर्मवेअर (चिपमधलं, नंतरही बदलता येणारं सॉफ्टवेअर) आहेच.

पहिल्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. कोड कव्हरेज काय सांगतं? टेस्ट चालू असताना आरटीएलमधली, म्हणजे डिझाइनच्या कोडमधली, अमुक ओळ चालली, अमुक अट खरीही झाली आणि खोटीही, अमुक सिग्नल शून्याचा एक झाला. बस. त्या ओळीतून निघालेलं उत्तर बरोबर होतं का, हा प्रश्न कव्हरेज विचारतच नाही. ते काम चेकरचं (उत्तर तपासणारा कोड), स्कोअरबोर्डचं (अपेक्षित आणि आलेली उत्तरं ताडून बघणारा), असर्शनचं (कोडमध्ये लिहिलेली, मोडली की ओरडणारी अट). चेकर झोपलेला असला तरी कव्हरेजचा आकडा चढतच राहतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका ब्लॉकचं सगळं हिरवंगार होतं: कव्हरेज पूर्ण, रोज रात्रीच्या रिग्रेशनमध्ये (सगळ्या टेस्ट पुन्हा चालवणं) एकही फेल नाही. एका सहकाऱ्याने सहज म्हणून आरटीएलमध्ये बेरजेच्या जागी वजाबाकी घातली. रिग्रेशन तरीही हिरवं! खणत गेल्यावर कळलं की मॉनिटर (सिग्नल वाचून स्कोअरबोर्डला कळवणारा भाग) भलत्याच इंटरफेसला जोडलेला होता. स्कोअरबोर्डपर्यंत एकही ट्रान्झॅक्शन पोचत नव्हतं. अपेक्षित उत्तरांची रांग रिकामी, आलेल्या उत्तरांची रांगही रिकामी, म्हणून पास. कितीतरी आठवडे आम्ही काहीही तपासत नव्हतो आणि कव्हरेजचा चढता आलेख मात्र दर मीटिंगला दाखवत होतो. तेव्हापासून मुद्दाम बग घालून टेस्टबेंच ओरडतो का, हे बघितल्याशिवाय मी कुठल्याच हिरव्या रंगावर विश्वास ठेवत नाही.

शिवाय जे लिहायचंच राहिलं, त्याचं कव्हरेज कसं मोजणार? फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग) भरल्यावर काय करायचं ही अटच डिझाइनमध्ये नसेल, तर तिची ओळ नाही. ओळ नाही म्हणून ती न चालल्याची तक्रारही नाही. फंक्शनल कव्हरेजने, म्हणजे कुठल्या परिस्थिती तपासायच्या त्याची यादी करून ती मोजण्याने, हे थोडं सावरतं, पण त्या यादीतले कव्हरपॉइंट लिहिणारी माणसंच. ज्याला जे सुचलं नाही, ते त्याच्या यादीत येणार कुठून?

आता या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं उदाहरण: इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार. १९९४ साली थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि आकडे जुळेनात. शेवटी दोष प्रोसेसरमध्ये निघाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८ यायला हवं. ती चिप १.३३३७ सांगायची. भागाकारातला पुढचा अंक एका तक्त्यात बघून निवडला जायचा आणि त्या तक्त्यातल्या पाच नोंदी गळल्या होत्या. तिथे २ मिळायला हवा होता, मिळायचा ०. इंटेलने त्याच वर्षी काढलेल्या अहवालात कारण दिलं, की तक्ता हार्डवेअरमध्ये उतरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चूक होती. म्हणजे गळालेल्या गोष्टीचा बग. ओळींचं कव्हरेज मोजून तो कधीच दिसला नसता.

हाच अहवाल मेसेजचा दुसरा मुद्दाही निकालात काढतो. त्यात इंटेलचाच हिशेब आहे: रँडम आकडे घेतले तर साधारण ९०० कोटी भागाकारांत एक चुकेल. मग दहा लाख रँडम टेस्टमध्ये तो सापडण्याची शक्यता किती? ९,००० मध्ये एक. बरं, सगळेच आकडे तपासू म्हटलं तर ६४ बिटांच्या दोन संख्यांच्या जोड्या होतात २ चा १२८ वा घात, म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. सेकंदाला १०० कोटी तपासल्या तरी एकावर बावीस शून्यं इतकी वर्षं लागतील. म्हणून रँडमला लगाम घालावा लागतो: तक्त्याच्या कडेकडेचे आकडे मुद्दाम जास्त द्यायचे, शून्य आणि अनंताच्या आसपास घुटमळायचं, कुठले कप्पे अजून रिकामे आहेत ते बघून कन्स्ट्रेंट (रँडमवरची बंधनं) बदलायचे. नुसते सीड (रँडम आकड्यांचा आरंभबिंदू) बदलून रात्रभर मशीन तापवणं म्हणजे चाचणी नव्हे. त्या पाच नोंदींपायी इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च दाखवावा लागला होता, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुणीतरी कळवा.

एफपीजीएच्या मुद्द्यावर त्याला अर्धे मार्क द्यावे लागतात, मनात नसलं तरी. पूर्ण चिपचं सिम्युलेशन सेकंदाला हजार क्लॉकच्या (चिपच्या ठोक्यांच्या) वेगाने रांगत असेल, तर १ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोक्यांच्या, चिपचं एक सेकंदाचं आयुष्य बघायला साडेअकरा दिवस जातात. ऑपरेटिंग सिस्टिम बूट करून बघायची तर एफपीजीए किंवा एम्युलेटर (डिझाइन वेगाने चालवणारं खास यंत्र) हवाच. पण ‘सिम्युलेशन कशाला’? एफपीजीएच्या आत दिसतं किती? आधी निवडून ठेवलेले मोजके सिग्नल, तेही मेमरी पुरेल तेवढेच क्लॉक. वेगळा सिग्नल हवा झाला तर बहुतेकदा पुन्हा बिल्ड करून वाट बघत बसा. त्याहून वाईट म्हणजे एफपीजीएतले फ्लॉप (एकेक बिट साठवणारे भाग) चालू होताना ठरावीक किंमत घेऊन उठतात. एखाद्या रजिस्टरला (फ्लॉपच्या गटाला) रीसेट, म्हणजे सुरुवातीची किंमत, द्यायचा राहिला तरी बोर्डवर सगळं सुरळीत, आणि प्रत्यक्ष चिपमध्ये तो फ्लॉप शून्य घेऊन उठेल की एक, याची खात्री नाही. (सिम्युलेशनही इथे साळसूद नाही. व्हेरिलॉग या डिझाइन लिहायच्या भाषेतल्या इफमधली अट अज्ञात, म्हणजे एक्स, आली की ते गुपचूप एल्सची वाट धरतं आणि चूक झाकली जाते. एक्स कुठवर पसरतोय ते वेगळं तपासावं लागतं.)

फॉर्मल. मला आवडतं, आणि पेंटियमच्या त्या प्रकरणानंतर गणिती सिद्धतेला या क्षेत्रात वजन आलं हेही खरं. पण सिद्ध होते ती तुम्ही लिहिलेली प्रॉपर्टी (डिझाइनने पाळायचा नियम), तुम्ही घातलेल्या गृहीतकांखाली. ‘रिक्वेस्ट आली तर चार क्लॉकच्या आत अॅक (पोचपावती) येईल’ ही प्रॉपर्टी सिद्ध झाली म्हणून पेढे वाटाल. पण गृहीतकं इतकी आवळलेली असतील की रिक्वेस्ट कधी येऊच शकत नाही, तर ती सिद्धता पोकळ. रिक्वेस्ट खरंच येऊ शकते का, हे कव्हर प्रॉपर्टी लिहून आधी बघायचं असतं.

डिबगिंगला अक्कल लागत नाही, हे वाक्य वाचून मात्र मी फोन बाजूला ठेवला. चूक दिसते ती आउटपुटवर, घडलेली असते हजारो क्लॉक आधी, तिसऱ्याच ब्लॉकमध्ये. जिथे दिसली तिथला कोड बदलला की बग दबतो आणि दुसरीकडून वर येतो. त्याच सीडने तो पुन्हा घडवायचा, टेस्ट छाटत छाटत लहान करायची, चुकीच्या सिग्नलचा ड्रायव्हर (त्याला किंमत देणारा कोड), त्याचा ड्रायव्हर, असं मागे जात राहायचं. काल पास होत असेल तर मधल्या बदलांची निम्मी-निम्मी विभागणी करून नेमका बदल गाठायचा. आणि मूळ सापडलं की तिथेच असर्शन ठोकायचं, म्हणजे पुढच्या वेळी तो जन्मताच ओरडेल.

राहिला फर्मवेअरचा मुद्दा. २०१४ साली इंटेलने हॅसवेल प्रोसेसरमधल्या टीएसएक्स या (अनेक थ्रेडना एकाच मेमरीवर काम करणं सोपं करणाऱ्या) सोयीतला दोष मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या फर्मवेअरने) ‘मिटवला’, तो ती सोयच बंद करून. याला दुरुस्ती म्हणायचं असेल तर म्हणा.

भाचीला एवढंच लिहिलं: उद्या ऑफिसला गेलीस की तुझ्या स्कोअरबोर्डमध्ये टेस्टच्या शेवटी किती तुलना झाल्या, ती संख्या छापून बघ. शून्य आली तर टेस्ट फेल व्हायला हवी. होत नसेल तर मला लगेच फोन कर, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.