मराठी पुस्तके रद्दीत गेलेली नाहीत

चार दिवस झाले, आमच्या पेठेतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फोटो फिरतोय. खाली लिहिलंय : ‘कानडी, तेलुगू, उर्दू पुस्तकांसाठी वाचनालयाने मराठी पुस्तके रद्दीत घातली.’ हे खरं नाही. मी तिथे देवघेवीच्या टेबलावर बसते, म्हणून खुलासा करते.

फोटोतल्या पुस्तकांना वाळवी लागली होती. दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदी असतात त्या वहीत, रीतसर नोंद करून ती बाद केली. एकही धड मराठी पुस्तक हललेलं नाही. कानडी, तेलुगू, उर्दू पुस्तकांचं नवं कपाट दाराजवळ आहे, जुन्या मासिकांचे गठ्ठे असायचे तिथे, आणि त्यातली बरीचशी पुस्तकं वाचकांनीच भेट दिलीत.

‘पुण्यात हे कपाट हवंच कशाला?’ असंही विचारलं जातंय. परवा एक तेलुगू आजी नातवाला घेऊन आल्या. तो मराठी शाळेत जातो. आजींनी गोष्टींचं पुस्तक उघडून, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश वाचलं. नातवाने ते मला मराठीत सांगितलं. जाताना एक तेलुगू आणि एक मराठी पुस्तक नेलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं दुसरं हेच : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयांविषयीच्या १९९४ च्या जाहीरनाम्यातही भाषिक अल्पसंख्याकांना खास सेवा द्यायला सांगितलंय.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका. नोंदवही बघायची असेल तर संध्याकाळी या, मी स्वतः दाखवते.