बामाकोचा फ्लॅश आणि शिऱ्याचा अंतरपाट

‘जेम्स ब्राऊन नसता तर मलिक सिदिबे जन्मभर पासपोर्टचे फोटो काढत बसला असता,’ शिऱ्याने ग्लास आपटून जाहीर केलं. सिदिबे म्हणजे मालीच्या राजधानीत, बामाकोत, पोरांच्या नाचपार्ट्यांचे फोटो काढणारा; जेम्स ब्राऊन म्हणजे अमेरिकन सोल गायक. शिऱ्याला विचाराल तर गुरुत्वाकर्षणही जेम्स ब्राऊनचंच.

अप्पाने बिडी बाजूला ठेवली. ‘सिदिबेचा नाताळच्या रात्रीचा फोटो, हॅपी क्लब. साल?’

‘1963.’

‘आणि तुझ्या ब्राऊनचं ‘आय गॉट यू’ गाणं?’

‘...1965.’

‘मग ती अनवाणी पोरगी आणि तो सुटातला पोरगा डोक्याला डोकं टेकवून नाचतात, ते दोन वर्षं आधीच ऐकून? तेव्हा बामाकोत ट्विस्ट नाचत, चाचाचा नाचत. तुझा बाबा नंतर आला.’

‘नंतर आला, पण आग लावून गेला!’ शिऱ्या खवळला. ‘लेखक मँथिया दियावरा तिथलाच, सिदिबेवरच्या त्याच्या निबंधाच्या नावातच जेम्स ब्राऊन आहे. बेलबॉटम दिसली की तिथल्या राष्ट्राध्यक्षाची, मोदिबो केइताची, मिलिशिया पोरांच्या मागे लागायची. कशाला, चाचाचाला घाबरून?’

हे मात्र अप्पाने मुकाट ऐकलं. शिऱ्याचं वर्षातून एखादं वाक्य बरोबर असतं.

‘ऐट त्याची, कबूल. पण ऐट कागदावर उतरवायला हात लागतो,’ अप्पा म्हणाला. ‘गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद, 24 धर. अंतर 3 मीटर, भागलं की लेन्सचं भोक एफ 8. फोकस तिथेच बांधायचा आणि आपण मागेपुढे सरकायचं. नाचणारा दीड मीटरवर घुसला की दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड, चेहरा पिठासारखा. सहा मीटरवरचा अंधारात गेला. शनिवारी रात्री एकामागून एक पार्ट्या, परत येऊन फिल्म धुवायची. तिथल्या उकाड्यात डेव्हलपर, फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, 20 अंशांवर राहतोय होय? 28 ला वेळ जवळपास निम्म्यावर आणावा लागतो, फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, घाईत गार पाण्यात टाकलं की त्याला सुरकुत्या. मग निगेटिव्हएवढे इवले कॉन्टॅक्ट प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून, नंबर घालून स्टुडिओबाहेर लावायचे. पोरं आपापला नंबर शोधून मोठी प्रिंट मागवणार. 2007 ला व्हेनिसच्या कलाप्रदर्शनाने सुवर्णसिंह पुरस्कार दिला तो या हमालीला.’

‘फ्लॅश काय, कोणीही मारतो,’ बंड्याने काडी टाकली.

‘मार की! जुन्या पडद्याच्या शटरवर 1/30 सेकंदाच्या फार वर जाऊन मार. फ्लॅश उडतो तेव्हा पडदा पुरता उघडलेलाच नसतो. अर्धी फ्रेम काळी.’

शिऱ्या एकदम शांत झाला. ‘अर्धी फ्रेम काळी?’

‘ठार काळी.’

‘अप्पा, माझ्या लग्नाच्या फोटोत अंतरपाट आहे, अलीकडे मी आहे, पलीकडे काळोख आहे. लॅबवाल्याने वाट लावली म्हणून पंचवीस वर्षं सांगतोयस.’

अप्पाने बिडी उचलली. विझली होती.

‘वहिनी डेव्हलपच झाल्या नाहीत!’ बंड्या ओरडला, आणि पुढचा अर्धा तास बामाकोचं नाव कोणी काढलं नाही. चहाचे पैसे अप्पाने दिले.