चर्चेने आकडा बदलत नाही, मग चर्चा कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, लोकसभेत चर्चेविना मंजूर होतात, याबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिले होते. त्यावर आपण ‘निवृत्त लेखाधिकारी, सदाशिव पेठ’ अशी सही करून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: बहुमत सरकारचेच असते, त्यामुळे चर्चा चार दिवस झाली काय आणि चार मिनिटे झाली काय, आकडा एका रुपयाने हलत नाही, कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल येईपर्यंत संबंधित अधिकारी निवृत्त झालेला असतो, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा) ही हिशेबाची नित्याची सोय आहे, तिचा बाऊ करू नये, आणि दिल्लीची चिंता वाहणाऱ्या पुणेकराने आधी आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रक उघडून पाहावे.

याखेरीज आपण माझी एक चूक दाखवून दिलीत. संसदेची लोकलेखा समिती मागण्या मंजूर होण्यापूर्वी त्यांची छाननी करते, असे मी लिहिले होते. ते चुकीचे आहे. ही समिती खर्च झाल्यानंतर, विनियोजन लेखे (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळमेळ) आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल समोर ठेवून तपासणी करते. मागण्यांची आधीची छाननी १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्यांकडे आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य मुद्दा. चर्चेने आकडा बदलत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून चर्चा निरर्थक ठरते, हा निष्कर्ष मला मान्य नाही. याचे उत्तर शोधायला पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदे मंडळात अंदाजपत्रकावर प्रथम बोलले, तेव्हा त्यांच्या हातात काय होते? १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. ठराव मांडण्याची नव्हती, मतदानाची तर नव्हतीच. आजचा विरोधी बाकांवरचा सर्वांत एकाकी खासदारही त्यांच्यापेक्षा अधिकारसंपन्न आहे. तरीही गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले, की दुष्काळाने पिचलेल्या देशात तिजोरीत दर वर्षी शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात आहे. या आकड्यांच्या तयारीत त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य असे. मिठावरील कर दर मणी अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु दर वर्षी तोच प्रश्न, तितक्याच तयारीने, अर्थसदस्यासमोर (व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात अर्थखाते सांभाळणाऱ्यासमोर) उभा राहणार आहे हे सरकारला ठाऊक होते आणि त्या जाणिवेचे वजन पडत होते, असे मी ठामपणे म्हणेन.

हे वजन मी फार लहान जागी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझी नोकरी शिक्षकीत गेली. एका शाळेत असताना ग्रंथालयाचे अनुदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले आणि ३१ तारखेच्या आत खर्च करणे भाग होते. तीन दरपत्रके एका दुपारीत जमवली गेली, आणि दुकानात जे गठ्ठ्याने मिळाले ते घेतले: एकाच शब्दकोशाच्या चाळीस प्रती. सुतळीने बांधलेले ते गठ्ठे कपाटावर तसेच पडून राहिले. दिवाळीनंतर लेखापरीक्षक आले. त्यांनी जडसंग्रह नोंदवहीतील त्या ओळीवर बोट ठेवून एवढेच विचारले, ‘एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती कोणासाठी?’ मुख्याध्यापकांना उत्तर देता आले नाही. आक्षेप नोंदवला गेला, पुढे दोन ओळींच्या खुलाशावर निकालीही निघाला, एक पैसा वसूल झाला नाही. पण पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गशिक्षकाकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी मागवली, आणि अनुदान पुन्हा मार्चमध्येच आले तेव्हा ती यादी तयार होती. आपण अशा फायलींच्या दुसऱ्या टोकाला बसत होता. त्या एका प्रश्नाने काय केले, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळेल.

संसदेतील कपात सूचनेचेही असेच आहे. एखाद्या मागणीतून १०० रुपये कमी करावेत, अशी सूचना सदस्य मांडतो, तेव्हा त्या शंभर रुपयांशी कोणाला कर्तव्य नसते. त्या निमित्ताने एका नेमक्या तक्रारीवर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदले जाते. सूचना फेटाळली जाणार हे सर्वांना माहीत असते. मंत्र्याच्या कार्यालयात मात्र आदल्या रात्री माहिती गोळा करण्याची धावपळ होते, आणि ती धावपळ हेच त्या सूचनेचे फळ आहे. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये गदारोळात सर्व मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा बाजूला ठेवून एकदम मतास टाकून, मंजूर झाल्या, तेव्हा ही धावपळ टळली. गदारोळ कोणी केला आणि कामकाज कोणी रेटले यावर दोन्ही बाजू भांडू शकतात. नुकसान त्या प्रश्नांचे झाले जे विचारलेच गेले नाहीत.

बहुमत सरकारचे असले तरी प्रश्नाचे वजन पडते, याचे एकच उदाहरण देतो. १९५७ च्या डिसेंबरमध्ये आयुर्विमा महामंडळाच्या उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांतील सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या शेअर खरेदीचे प्रकरण लोकसभेत लावून धरणारे फिरोज गांधी सत्तारूढ पक्षाचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. न्या. छागला यांची चौकशी झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

पुरवणी मागण्यांबाबत आपले-माझे मतभेद सर्वांत खोल आहेत. अंदाज चुकतात, अतिवृष्टी होते, न्यायालयाचा निर्णय येतो आणि वर्षाच्या मध्येच पैसा लागतो. राज्यघटनेने अनुच्छेद ११५ आणि राज्यांसाठी २०५ मध्ये ही वाट मोकळी ठेवली ती याचसाठी. या सोयीला माझा आक्षेप नाही. पण आपल्या राज्यात २०२४ मध्ये काय झाले ते पाहा. अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे ९५ हजार कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्यांत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठीचे २५ हजार कोटी होते. योजना चांगली की वाईट हा इथे प्रश्नच नाही. तिचा लाभ मिळालेल्या स्त्रिया माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्या पैशाने त्यांच्या घरात काय झाले हेही मी जाणतो. प्रश्न असा, की जी योजना अर्थसंकल्पी भाषणात जाहीर होते, तिची तरतूद दोन आठवड्यांच्या आत पुरवणीतून का मागावी लागते? अचानक उद्भवलेला खर्च हा नव्हे. मूळ अर्थसंकल्पात खर्च कमी दिसला, की महसुली तूटही कमी दिसते. आणि सभागृहाने ज्या चित्रावर चर्चा केली, ते चित्र चर्चा संपण्याआधीच जुने होते. आपण आयुष्यभर ताळेबंद जुळवलेत, म्हणून आपल्याला विचारतो: एखाद्या कनिष्ठ लेखापालाने खर्च माहीत असूनही अंदाजात धरला नसता, तर आपण त्याला ‘नित्याची सोय’ म्हणून सही दिली असती का?

कॅगच्या विलंबाविषयीची आपली तक्रार खरी आहे आणि तिच्यात मला एक भर घालायची आहे. अनुच्छेद १५१ प्रमाणे अहवाल राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि त्यांनी तो सभागृहापुढे ठेववायचा असतो. किती दिवसांत, याची मुदत तिथे घातलेली नाही. त्यामुळे तयार अहवालही अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, चर्चेला वेळच उरू नये अशा बेताने पटलावर येऊ शकतो. यावर उपाय मुदत घालण्याचा आहे. उशीर होतो म्हणून तपासणीच सोडून द्यावी, असे आपल्यालाही म्हणायचे नसावे.

राहिली महापालिका. इथे आपण मला पकडलेत आणि योग्य पकडलेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ ही तीन अंदाजपत्रके सरकारनियुक्त प्रशासकांनीच मांडली व प्रशासकांनीच मंजूर केली. स्थायी समिती नव्हती, मुख्य सभा नव्हती; स्वतःच वाढायचे आणि स्वतःच ताट तपासायचे, अशी ती व्यवस्था. नगरसेवकांच्या ‘स’ यादीवर (आपापल्या प्रभागासाठी त्यांनी सुचवलेल्या कामांच्या यादीवर) मी स्वतः अनेकदा टीका केली आहे, बाकडी आणि नामफलक यांवर उडालेल्या पैशाबद्दल चिडलो आहे. पण या तीन वर्षांत आमच्या गल्लीतील चांगला पदपथ उखडून पुन्हा घातला गेला, तेव्हा ‘हे कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातील कोणत्या खात्यातून) आणि का’ असे सभागृहात विचारू शकणारा एकही माणूस शहरात नव्हता. आकड्यांवर मतदान करणारे सभागृह नसले की काय होते, हे समजायला पुणेकराला दिल्लीचे उदाहरण लागत नाही. ते मी आधीच लिहायला हवे होते.

आपण लिहिले आहे, की तीस वर्षांत आपण शेकडो आक्षेपांचे खुलासे तयार केलेत आणि त्यांतले बहुतेक कागदावरच राहिले. ‘बहुतेक’ हा आपलाच शब्द आहे. जे राहिले नाहीत, त्यांपैकी एखाद्याविषयी, कोणाचेही नाव न घेता, आपण सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. विशेषतः खुलासा पाठवल्यानंतर आपल्या कार्यालयात कामाची कोणती पद्धत बदलली, तेवढे अवश्य सांगावे. मी ते इथेच, स्वतंत्र लेख म्हणून घेईन.