म्हणे रक्त एकच असतं, कुठल्याही नळीत ओता!

परवा आईचं रक्त न्यायला लॅबचा मुलगा घरी आला. हातात ग्लोव्हज नाहीत, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबलेला, बोलणं चालूच. आईचं वय झालंय, नस सापडत नाही, मान्य. पण म्हणून गोधडीला टाके घातल्यासारखी सुई आत फिरवायची? दंड अजून काळानिळा आहे तिचा. तरी मी गप्प राहिले. मग जांभळ्या झाकणाची नळी गच्च भरली आणि लाल झाकणाच्या नळीला रक्त पुरेना. या पठ्ठ्याने जांभळं झाकण उघडलं आणि त्यातलं रक्त सरळ लाल नळीत ओतलं! माझ्या डोळ्यांसमोर! "ये क्या कर रहे हो?" विचारलं, तर म्हणतो, "अरे आंटीजी, खून तो एक ही है, किसी में भी डाल दो."

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. पोटॅशियम 7.8, कॅल्शियम पार तळाला. असल्या पोटॅशियमने माणसाचं हृदय बंद पडतं हो! आईला तशीच गाडीत घातली आणि ग्वाल्हेरच्या नई सडकेच्या गर्दीतून हॉर्न मारत इस्पितळ गाठलं. ईसीजी, सलाईन, पुन्हा रक्त. रात्री उशिरा कळलं की पोटॅशियम 4.3, म्हणजे आईला काहीही झालेलं नाही. भाची नर्सिंगला आहे, तिला फोनवर सांगत होते तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "मावशी, जांभळ्या नळीतलं ओतलं ना त्याने? अगं त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, पोटॅशियमचंच मीठ ते, आणि कॅल्शियम बांधून ठेवतं! पोटॅशियम चढणार आणि कॅल्शियम पडणारच." म्हणजे हे पहिल्या वर्षाच्या पोरींना येतं, आणि जो दिवसभर घरोघरी सुया टोचत फिरतो त्याला येत नाही!

लॅबवाल्याला फोन केला. "मशीन का फर्क है मॅडम, फ्री में रिपीट करवा देंगे." त्याच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही आहे, स्कॅन केलेली. गेल्या वर्षीच्या रिपोर्टवरही तीच सही, तशीच, त्याच तिरप्या रेघेसकट. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं, ते काय चित्र चिकटवायला सांगितलं होतं?

आणि कायदा नाही असंही नाही! लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस, फिजिओ, या सगळ्यांसाठी 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. किमान 2,000 तासांचं शिक्षण, राज्याराज्यांत परिषदा, नोंदणी, सगळं लिहिलंय त्यात. पुढे काय? राज्यं ढिम्म. शेवटी 2024 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाला 12 ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली. संसदेने केलेला कायदा लागू करा हे सांगायलाही कोर्ट लागतं! डॉक्टर खरा की खोटा हे निदान रजिस्टरमध्ये बघता येतं. हा सुईवाला कोण, कुठे शिकला, हे मी कुठे बघायचं?

आता त्या भाचीचं ऐका. 2020 ची ॲडमिशन तिची. चार वर्षांची डिग्री. 2023 मध्ये परीक्षा तोंडावर आली आणि मध्य प्रदेश हायकोर्टाच्या आपल्या ग्वाल्हेर खंडपीठाने स्थगिती दिली, कारण नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतच घोटाळा. कोर्टाचं बरोबरच होतं. 100 खाटांचं हॉस्पिटल दाखवायचं आणि आत दोन खोल्या! एकच मास्तरीण चार कॉलेजांच्या यादीत! सीबीआयने 308 कॉलेजं तपासून 169 ठीक ठरवली, आणि 2024 च्या मे महिन्यात त्या तपासणीतलेच अधिकारी लाच घेताना पकडले गेले. ती 169 पुन्हा तपासायची वेळ आली! चोऱ्या केल्या कॉलेजवाल्यांनी, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेची वाट बघत घरी कोण बसलं? पोरी. भाचीच्या बरोबरीच्या कितीतरी जणींची लग्नं लावून टाकली घरच्यांनी, "होईल तेव्हा होईल परीक्षा" म्हणून. ही जिद्दीने टिकली. जी मनापासून शिकते तिला ना मार्कशीट वेळेवर, ना नोंदणी, आणि तो मात्र फोनवर गप्पा मारत माझ्या आईचा दंड टोचतो!

इथे कोणी "आपल्याकडे असंच चालतं" असं लिहू नका, फार चीड येते मला त्या वाक्याची. आईला काही झालं असतं तर? त्या 7.8 वर विश्वास ठेवून पोटॅशियम उतरवायची औषधं भराभर दिली असती तर? मी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली आहे, दोन्ही रिपोर्ट आणि दंडाचा फोटो जोडून. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. यापुढे जो कोणी सुई घेऊन येईल त्याने आधी शिक्षण आणि नोंदणी क्रमांक दाखवायचा, नसेल तर जिन्यावरूनच परत.